हं, बोल ना, ऐकतेय मी

सिएटलला येऊन सहा वर्षं झाली आणि आईला फोन केला नाही असा एकही दिवस गेला नसेल, याचा मला परवापरवापर्यंत अभिमान होता. उन्हाळ्यात इथल्या आणि मुंबईच्या वेळेत साडेबारा तासांचा फरक असतो, म्हणजे माझे सकाळचे साडेसात तेव्हा दादरला रात्रीचे आठ, आई उद्याची मेथी निवडत बसलेली, बाबांच्या बातम्या चालू, आणि इकडे मी डबा भरतेय, कानात इअरफोन, समोर ऑफिसचे मेल. रोज वीस मिनिटं.

जूनमध्ये एकदा आई सांगत होती की बाबा हल्ली शिवाजी पार्कला फेरी मारायला जात नाहीत, जिना उतरायची भीती वाटते म्हणतात. मी मेल वाचता वाचता म्हटलं, "अरे वा, मस्त!"

पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "बरं, ठेव आता, तुला उशीर होत असेल." चिडली असती तर परवडलं असतं.

इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचा अभ्यास केला होता. एकाने काहीतरी बारीकसं बोलायचं, "ते बघ ना" टाइप, आणि दुसरा त्याला ओ देतो का तेवढं बघायचं. सहा वर्षांनी ज्यांचा संसार टिकला होता ते 100 पैकी 86 वेळा ओ देत होते, मोडला ते 33 वेळा. अभ्यास नवराबायकोचा, पण वाचताना मला आईच दिसत होती. "अगं, कुंडीतला गवती चहा बघ किती वाढलाय." "आज ओले बोंबील काय स्वस्त होते!" मी याला टाइमपास गप्पा समजून नुसतं हं हं करत होते आणि ती रोज हाक मारत होती गं.

गणपतीला घरी गेले. बाबांना फिजिओथेरपिस्ट शोधून द्यायचा असं विमानातच ठरवून टाकलं होतं, आपल्याला लांबून तेवढंच सुचतं. पण एका संध्याकाळी फोन घरी ठेवून त्यांच्याबरोबर जिन्यात गेले आणि विचारलं, बाबा, नक्की कुठे भीती वाटते? तिसऱ्या मजल्यावरून हळूहळू उतरत दुसऱ्याच्या वळणावर थांबले. तिथला बल्ब गेलेला, आणि पुढच्या पायरीची कड झिजून गुळगुळीत झालेली. "इथे पाय कुठे पडतो दिसत नाही," म्हणाले. कोणाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिथेच पायरीवर बसलो, अर्धा तास तरी, ते त्यांच्या गिरणीतल्या दिवसांबद्दल बोलत राहिले, मी मध्ये एकही सल्ला दिला नाही. बल्ब दुसऱ्या दिवशी बसवला.

आता फोन रोज नसतो, आठवड्यातून तीनदाच, पण लॅपटॉप बंद. आईने आधी विचारलं, "काय गं, कामं कमी झाली का?"

काल माझ्या संध्याकाळी सहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेसहाला, बाबांचा व्हिडिओ कॉल आला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले होते. फार काही बोलले नाहीत, मोबाइल मैदानाकडे फिरवून धरला, मागे पोरांच्या बॅटींचे आवाज येत होते. मीही गप्प बसून बघत राहिले.