मोठ्यांना शिकवायला जाताय?

मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायला जाणार असाल तर लहान मुलांची अंकलिपी आधी बाजूला ठेवा. चाळिशीतल्या माणसापुढे बदकाचं चित्र ठेवलं की त्याचा चेहरा पडतो आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. त्याला काय वाचायचंय ते विचारा ना, बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं, मुलीचा मेसेज, तिथूनच सुरू करायचं. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे हेच केलं, सुमारे ३०० जणांना त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन शिकवलं.

माझ्याकडे एक मावशी येतात, सुरुवातीला पेन इतकं घट्ट धरायच्या की बोटं पांढरी पडायची. आता फॉर्मवर अंगठा नाही, स्वतःचं नाव लिहितात. बघून खरंच भरून येतं.

इंग्लिश बोलण्याचं थोडं वेगळं असतं, तिथे मध्येच चूक काढली की माणूस गप्पच होतो, म्हणून त्याला पूर्ण बोलू द्यायचं आणि मग तेच वाक्य आपण बरोबर करून सहज परत म्हणायचं. प्रश्न विचारून आपणच उत्तर द्यायची घाई तर अजिबात नको! सगळ्यात अवघड फोनवर बोलणं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यासाठी मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवते आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावते.

आणि कुणी मध्येच यायचं थांबलं तर रागवू नका हं, शिफ्ट बदलते, घरी कुणी आजारी पडतं. परत आले की जिथे राहिलं तिथून पुढे.