प्राण्यांच्या खेळाचं पुस्तक करताना

सांगलीतल्या आमच्या बालवाडीसाठी 'प्राणी कसे खेळतात' हे चित्रांचं पुस्तक आम्हीच करायचं ठरवलं. मजकूर काय, एका दुपारी झाला. घाम काढला तो चित्रांनी.

कुत्र्याच्या पिलांची मस्ती कागदावर भांडणासारखीच दिसते. एक वर, एक खाली, दात बाहेर. कच्चं चित्र बघून मुलं म्हणाली, "बाई, ते चावतंय त्याला!" चित्रकार मैत्रीण म्हणाली, तोंडं हसरी करू. मला ते कार्टूनी हसू नको होतं. मग विश्रामबागेत आमच्या गल्लीतली पिलंच निरखली. खेळायला बोलावताना पिलू पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतं, ढुंगण वर, शेपूट हलती. मार्क बेकॉफ या संशोधकाने याचाच अभ्यास केलाय. गमतीत घेतलेला चावा समोरच्याला खरा वाटेल अशा वेळी, त्याच्या अलीकडे-पलीकडे कुत्री असं वाकतात. म्हणजे 'राग मानू नको, खेळच आहे'. आम्ही उजव्या पानावर ते वाकणं घेतलं आणि पान उलटल्यावर मस्ती. त्यात मोठा कुत्रा मुद्दाम उताणा पडलेला, छोटं त्याच्या छातीवर. आता कुणी चावण्याचं नाव काढेना.

उड्या मारणारं करडू, शेपट्या ओढणारी वानरपिल्लं, चिखलात घसरणारं हत्तीचं पिल्लू, ही पानं पटापट झाली. वाद झाला तो माशीवर. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या प्रयोगात बंबलबी या केसाळ मधमाश्यांनी लाकडाचे छोटे गोळे पुन्हा पुन्हा लोळवले. बदल्यात खाऊ नाही, काही नाही. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. एक पालक म्हणाले, "माशी कसली खेळतीय?" मुलांना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

छापखान्यात वेगळाच हिशेब. "मॅडम, चौदा पानं पिनेत बसत न्हाईत. बारा करा, न्हाईतर सोळा." चारच्या पटीतच पानं लागतात. सोळा केली, वाढीव दोन कोरी ठेवली, मुलांना चित्रं काढायला. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटली, म्हणून प्रूफ शब्द न् शब्द वाचलं. पिना मुलांच्या बोटाला लागतील म्हणून मदतनीस मावशींनी गोधडीच्या दोऱ्याने पुस्तकं शिवली. आतला कागद मात्र जरा पातळच पडलाय. पुढच्या खेपेला जाड घेणार, कारण करडाचं पान कुणीतरी आत्ताच चघळलंय.