फाट्याच्या आधी कळलेली वाट

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी गणपतीची मूर्ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शाळेतून घरी आणण्याची पद्धत आहे. मूर्तिकाराच्या कारखान्याला आमच्याकडे ‘गणपतीची शाळा’ म्हणतात आणि मूर्ती डोक्यावर घेऊन येणाऱ्यांत घरातला प्रत्येक कर्ता पुरुष असावा, अशी अपेक्षा असते. काही वर्षांपूर्वी ठाण्याहून गावी पोहोचायला आम्हाला सोळा तास लागले आणि मूर्ती आमच्याविनाच घरी आली. वडील त्या वेळी आमच्याबरोबर गाडीत होते. त्यानंतर ते दोनच गणपती पाहू शकले, पण त्या एका संध्याकाळची रुखरुख त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. म्हणून २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी आहे आणि मला रजा ६ तारखेपासूनच मिळणार आहे हे ठरल्यावर या प्रवासाची आखणी मी एखाद्या जबाबदारीच्या कामासारखी केली.

शुक्रवारी पहाटे चार वाजता आम्ही ठाण्याहून निघालो. मागच्या आसनावर आई आणि हरतालिकेचा उपवास धरलेली पत्नी, आणि माझ्या शेजारी फोन हातात घेतलेली मुलगी. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, नकाशा शेजारच्याने वाचायचा, हा आमच्या घरचा नियम आहे. गाडीत खरे तर दोन वाटाडे होते. एक गाडीच्याच पडद्यावरचा, मेमरी कार्डातल्या नकाशावर चालणारा, ज्याला रस्ते ठाऊक आहेत पण त्या रस्त्यांवर आज काय चालले आहे याची काहीच कल्पना नाही. दुसरा मुलीच्या फोनवरचा, जो त्याच रस्त्यांवर हिरवा, केशरी, लाल आणि गडद लाल असे रंग भरून दाखवतो. दोन्ही चालू ठेवून निघाल्यामुळे त्या दिवशी मला एकाच प्रवासात दोघांची तुलना करता आली, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

पहिला प्रसंग कळंबोलीचा. ठाण्याहून कोकणात जाणाऱ्याला इथे निवड करावी लागते. पळस्पे फाट्यावरून पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव असे सरळ मुंबई-गोवा महामार्गाने जायचे, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढून खोपोलीला उतरायचे आणि तिथून पालीमार्गे वाकणला पुन्हा महामार्गाला लागायचे? दुसरी वाट अंतराने लांबची आहे. गाडीतल्या पडद्याने अर्थातच पेणची वाट दाखवली, कारण अंतराच्या हिशेबाने तीच बरोबर होती. फोनवर मात्र नागोठण्याच्या अलीकडे कित्येक किलोमीटरची गडद लाल पट्टी दिसत होती आणि पालीची वाट पाऊण तासाने लवकरची आहे, असे तो सांगत होता.

आम्ही द्रुतगती मार्गावर चढलो. खोपोलीनंतर उजाडू लागले, जांभूळपाड्याच्या पुढे भाताची खाचरे दिसू लागली आणि पालीला सरसगडाचा कातळ धुक्यातून वर आलेला दिसला तेव्हा आईने गाडीतूनच बल्लाळेश्वराला हात जोडले. रस्ता अरुंद होता, वाहनेही पुष्कळ होती, पण चाके फिरत होती. त्याच वेळी आमचा मेहुणा पेणच्या वाटेने येत होता. आम्ही पालीला चहा घेत असताना तो नागोठण्याच्या अलीकडेच इंजिन बंद करून उभा असल्याचा निरोप आला.

थेट वाहतूकमाहितीचे मोल वाचलेल्या मिनिटांत मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. कोकणच्या वाटेवर मला ते मोजमाप अपुरे वाटते. शहरात चुकलेले वळण पुढच्या चौकात सुधारता येते. इथे एकीकडे सह्याद्री आणि दुसरीकडे खाड्या, त्यामुळे फाटे मोजके आणि एकमेकांपासून दूर आहेत. कळंबोलीला जे कळले तेच पेणच्या पुढे गेल्यावर कळले असते, तर त्या माहितीने मनस्ताप फक्त वाढवला असता. म्हणून माहिती किती अचूक आहे याच्याइतकेच ती फाट्याच्या आधी मिळते की नंतर, याला महत्त्व आहे.

ही माहिती येते कुठून, हे मुलीने वाटेत विचारले आणि पालीपर्यंतचा वेळ त्या गप्पांत गेला. पूर्वी युरोपात आणि अमेरिकेत रस्त्याखाली बसवलेले संवेदक आणि खांबांवरचे कॅमेरे वाहने मोजत असत आणि कोंडीची सूचना रेडिओच्या लहरींवरून गाड्यांतल्या यंत्रांना मिळत असे. २००७ मध्ये टॉमटॉम या वाट दाखवणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने नेदरलँड्समध्ये व्होडाफोनच्या मोबाइल जाळ्यातील फोनच्या हालचालींवरून वाहतुकीचा वेग काढायला सुरुवात केली. गुगलने २००४ मध्येच झिपडॅश ही फोनवर वाहतुकीची स्थिती दाखवणारी छोटी कंपनी घेऊन ठेवली होती, आणि २००९ पासून नकाशा वापरणाऱ्यांच्या फोनवरून येणारी गती एकत्र करून गुगल लहान रस्त्यांचीही स्थिती दाखवू लागली. २०१३ मध्ये गुगलने वेझ ही इस्रायली कंपनी विकत घेतली. अपघात, बंद रस्ता अशा गोष्टी चालकांनी स्वतः कळवायच्या, ही त्या कंपनीची पद्धत होती.

तत्त्व सोपे आहे. स्थान दाखवण्याची परवानगी दिलेला प्रत्येक फोन आपण कुठे आहोत आणि किती वेगाने सरकत आहोत हे नाव न सांगता कळवत राहतो. रस्त्याचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरच्या फोनचा वेग एकत्र केला जातो आणि तिथल्या मोकळ्या वेळच्या वेगाशी ताडून रंग ठरतो. मग त्याच वारी, त्याच वेळेला पूर्वी काय घडत आले आहे ते विचारात घेऊन पुढच्या तासाचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे दुचाकी रांगेच्या कडेने वाट काढत पुढे जातात, त्यामुळे हा हिशेब अधिक अवघड होतो. त्यांचा वेग मोटारींत मिसळला तर कोंडीही वाहती भासू शकते. फसवणूक उलटही होते. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलावंताने हातगाडीत ९९ फोन ठेवून ती मोकळ्या रस्त्यावरून चालत ओढत नेली आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला.

कोकणच्या महामार्गावर चालकाला पुढची कोंडी सांगणारी कसलीही व्यवस्था माझ्या लहानपणी नव्हती. आई सांगत होती की रातराणीने येताना समोरून येणारा एसटीचा चालक खिडकीतून हात काढून तळवा खाली-वर करी, मग आपला चालक गाडी हळू करून काच सरकवी आणि दोघांत दोन वाक्ये होत: दरड कुठे आली आहे, पूल चालू आहे का. पुढच्याने मागच्याला सांगण्याचीच ती रीत होती. आज नागोठण्यापाशी अडकलेल्या हजारो फोननी मला कळंबोलीला तेच सांगितले, आणि त्यांच्यापैकी कुणालाही आपण काही सांगतो आहोत याची जाणीवही नसावी. आमच्या मेहुण्याचा अडकलेला फोनही त्या लाल पट्टीत होता, याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले.

पालीला दुसरा फाटा आला आणि इथे मात्र गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. वाकणला जाऊन महामार्ग धरला तर इंदापूर ते माणगाव हा टप्पा गडद लाल होता. तिथे वळणरस्त्यांचे (बायपासचे) काम रखडल्यामुळे तेव्हा सारी वाहतूक गावातूनच जात होती, हे या वाटेच्या प्रत्येक प्रवाशाला तोंडपाठ होते. फोनने रवाळजे, विळे, निजामपूर अशी आतली वाट सुचवली, जिच्यावर जवळजवळ रंगच नव्हता. रंग नसणे म्हणजे रस्ता मोकळा असणे नव्हे. तिथून सध्या पुरेसे फोन जात नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. हे मला माहीत असूनही पहिल्या फाट्यावरच्या यशाने मी निर्धास्त झालो होतो.

विळ्याच्या अलीकडे एका अरुंद मोरीवर एसटी आणि टेम्पो समोरासमोर आले होते आणि दोघांच्याही मागे मुंबईच्या पासिंगच्या गाड्यांची रांग लागली होती. बहुतेक गाड्यांत आमच्यासारखाच एक फोन समोर लावलेला दिसत होता. एकाच वेळी शेकडो चालकांना एकच आडवाट सुचवली गेली, तर ती वाट तासाभरात भरणार, हे उघड आहे. त्यात भर म्हणजे तिथे नेटवर्क नव्हते. उपग्रहांवरून आपली जागा कळत असल्यामुळे बाण पुढे सरकतच होता, सूचनाही ऐकू येत होत्या, पण रस्त्याचे रंग पाली सोडतानाचेच, शिळे होते. पडद्याकडे पाहून हा फरक लक्षात येत नाही, आणि या साधनाचा सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो. जुना रंग फिका व्हावा, किंवा माहिती किती मिनिटांपूर्वीची आहे ते रंगाशेजारी ठळकपणे लिहावे, इतके केले तरी घाटमाथ्यावर आणि दऱ्याखोऱ्यांत गाडी चालवणाऱ्यांचे भले होईल.

गावातल्या चार तरुणांनी खाली उतरून एकेक गाडी मागे घ्यायला लावली आणि चाळीस मिनिटांनी वाट सुटली. निजामपूरमार्गे माणगावात आलो तेव्हा इंदापूरकडून आलेल्या रांगेचे पुढचे टोक समोर दिसत होते. एवढे होऊनही आपण आधी पोहोचलो की नंतर, हे सांगता येत नव्हते, कारण न घेतलेल्या वाटेचा वेळ कुणालाच मोजता येत नाही. मेहुणा मात्र तेव्हा अजून कोलाडच्या मागे होता.

महाड, पोलादपूर हा भाग सुरळीत गेला. कशेडीला गाडीतल्या पडद्याने ठामपणे घाटाची वाट दाखवली. घाटाच्या पोटातून जाणाऱ्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीआधी हलक्या वाहनांसाठी पहिल्यांदा उघडण्यात आली आणि कार्डातला नकाशा त्याच्या आधीचा होता. आम्ही बोगद्यात शिरलो तेव्हा त्या पडद्यावर आमचा बाण डोंगरात, रस्ता नसलेल्या हिरव्या जागेत थबकून राहिला. ज्या घाटात पाऊण तास जायचा आणि आईला हमखास मळमळायचे, तो डोंगर दहा-बारा मिनिटांत मागे पडला. आईने आवळासुपारीची डबी न उघडताच पिशवीत परत ठेवली.

खेडला भरणे नाका, मग लोटे, परशुराम घाट आणि चिपळूण. चिपळूणच्या शहरातल्या पट्ट्यावर केशरी रंग होता आणि फोनने तिथे आठ मिनिटांचा उशीर सांगितला. पर्यायी वाट नव्हती, तरीही तो आकडा उपयोगी पडला, कारण पत्नीने घरी फोन करून आम्ही अडीचच्या सुमारास संगमेश्वरला असू असे सांगितले आणि शाळेतल्या मूर्तिकारापर्यंत तो निरोप गेला. अडकणे टळत नसेल, तर ते किती वेळाचे आहे एवढे कळले तरी माणूस शांत राहतो आणि वळणावर उजव्या बाजूने घुसण्याचा मोह त्याला होत नाही. त्या दिवशी मी स्वतः दोनदा तो मोह आवरला.

संगमेश्वरला महामार्ग सोडला तेव्हा तीन वाजायला आले होते. इथून गावापर्यंतच्या शेवटच्या अकरा किलोमीटरांवर नकाशाला रंग नसतो. मध्ये एक कॉजवे आहे आणि डोंगरात जोराची सर आली की त्यावरून पाणी जाते. दुपारी वर काळे ढग उतरलेले दिसत होते. तिठ्यावरच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि मुलीने फोन खाली ठेवून थोरल्या चुलतभावाला, दादांना, साधा फोन लावला. ते छत्री घेऊन कॉजवेपर्यंत चालत गेले आणि पंधरा मिनिटांनी त्यांचा उलट फोन आला.

“पाणी घोट्याइतकं आहे, पण ओढ आहे. तासभर थांब तिथेच. उतरलं की मी सांगतो.”

आम्ही थांबलो. आईने टपरीवर चहा घेतला, पत्नीने केळे खाल्ले, समोरच्या वडावरून थेंब ठिबकत राहिले. सव्वाचारला पुन्हा फोन वाजला. कॉजवेवर पोहोचलो तेव्हा दादा पलीकडच्या काठावर भिजत उभे होते आणि गाडी दिसताच त्यांनी हात वर करून या, या अशी खूण केली. साडेसहाला मूर्ती शाळेतून निघाली. दादांनंतर ती माझ्या डोक्यावर आली आणि चिखलाच्या पाणंदीतून घराकडे जाताना मागून मेहुण्याचा फोन आला की तोही आता चिपळूण सोडतो आहे.