टिटवीचं ओलं पोट

एप्रिल, रविवार

खानापूरजवळच्या असोग्याच्या रामलिंगेश्वर देवळाजवळ मलप्रभा आता इतकी आटली आहे की कातळांमधले डोह वेगवेगळे झालेत. उगमाकडून, कणकुंबीहून येणारं हेच पाणी आषाढात काठावर उभं राहू देत नाही. आज घोटाभर पाण्यातून पलीकडे गेले.

उन्हाळ्यात मासे डोहात कोंडतात, म्हणून पाखरंही तिथंच. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख मारत थांबायचा आणि सरळ खाली सूर मारायचा. काठाला वंचक बगळे, पाणकावळे. धोबी पक्षी मात्र एकच दिसला; बाकीचे उत्तरेला निघून गेले असणार. दरडीच्या मातीत वेड्या राघूंची बिळं आहेत, जिथं वाळूसाठी काठ खरवडलेला नाही तिथंच.

पुढं वाळूत शिरले तशी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. म्हशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी लांबूनच हाक मारली, "पोरी, तिकडं जाऊ नको, अंडी हाईत तिची."

मागं फिरून करंजाखाली बसले. थोड्या वेळानं टिटवी पाण्याशी आली, पोट बुडवून बसली, उठली आणि तशीच निथळत चालत जाऊन अंड्यांवर बसली. ऊन चढल्यावर पुन्हा तेच. घरट्याला ना काडी ना गवत, वाळूत नुसता खळगा. गोट्यांच्याच रंगाची अंडी कावळ्याच्या नजरेतून सुटतात, पण उन्हातून सुटत नाहीत. म्हणून ही पिसांतून पाणी वाहून नेते. वाचून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघताना मला रडू आलं.

आजोबा म्हणाले, "यंदा लई खाली घातलीत, पाऊस उशिरा." पावसाचं मला सांगता येणार नाही. पण एवढ्या खाली, पात्रातच घातलेली अंडी वळवाच्या पहिल्या लोंढ्यात जातील ही भीती खरी आहे. त्याहून जवळची भीती वाळूच्या ट्रॅक्टरची: चाकोरी खळग्यापासून फार लांब नव्हती. आम्ही दोघांनी बरंच अंतर ठेवून चाकोरीच्या कडेला मोठे धोंडे लावले. आजोबा रोज म्हशी इथंच आणतात, लक्ष ठेवतो म्हणाले.

पिल्लं बाहेर यायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर वळीव कणकुंबीकडंच थांबला तर बरं. पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन जाणार, करंजाच्या पुढं पाऊल टाकणार नाही.