मॅसासॉगाचं रक्त ते डीएनएचा आकडा: माझा अनुभव

ईस्टर्न मॅसासॉगा हा उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स परिसरातल्या दलदलीत राहणारा छोटा रॅटलस्नेक. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 2016 मध्ये त्याला संरक्षण दिलं. त्याच्या जनुकीय कामातले बहुतेक घोळ प्रयोगशाळेच्या आधीच झालेले असतात, असा माझा अनुभव.

परवाना आणि विषारी साप हाताळणारा तयार जोडीदार, दोन्ही असल्याशिवाय हात लावायचा नाही. हुकने साप पारदर्शक नळीत शिरू द्यायचा. नळी इतकी अरुंद हवी की त्याला आत वळता येऊ नये. साधारण एक तृतीयांश अंग आत गेलं की नळी आणि साप एकाच मुठीत धरायचे. रक्त शेपटीच्या शिरेतून, बारीक सुईने. नराची सुई गुदद्वारापासून बरीच मागे टोचायची, नाहीतर जननेंद्रियाला इजा होते. 0.1 मिलिलिटर पुरतं, कारण सापाच्या तांबड्या पेशींत केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला भाग, असतो. सिरिंजमध्ये नितळ द्रव आला तर ती लसिका, म्हणजे रक्त नव्हे, शरीरातला दुसरा पातळ द्रव. तिच्यात डीएनए फारसा मिळत नाही. रक्त गोठू नये म्हणून नळीत घालायच्या रसायनांपैकी हेपरिन टाळावं, ते पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतं, ईडीटीए चालतं. पुढच्या सापाआधी साप धरायची नळी ब्लीचने धुवायचीच, नाहीतर त्वचेचा बुरशीजन्य रोग आपणच पसरवू.

डीएनए काढताना हावरेपणा नडतो. किटच्या कॉलमला, म्हणजे डीएनए गाळून धरणाऱ्या छोट्या नळीला, 5 ते 10 मायक्रोलिटर रक्त बास. जास्त घातलं की कॉलम तुंबतो आणि डीएनए उलट कमी निघतो.

खरी गोम भावंडांची. मादी पिल्लांनाच जन्म देते आणि ती काही दिवस तिच्याजवळ राहतात. एकाच ठिकाणची पिल्लं गोळा केली, तर प्रजननात वाटा असलेल्या सापांचा अंदाज, म्हणजे प्रभावी संख्या, खोटा खाली येतो. सगळी भावंडं गाळली तर ती फुगते. म्हणून मी नमुने वेगवेगळ्या जागांवरून घेतो आणि भावंडं धरून आणि गाळून, अशी दोन्ही गणितं मांडतो.

जनुकीय विविधता कमी दिसली की शेती आणि रस्त्यांकडे बोट दाखवायची घाई होते. पण 2010 च्या अभ्यासात या सापांच्या वस्त्यांमधली जनुकांची देवाणघेवाण पूर्वीही आजइतकीच तुटपुंजी दिसली. दुसरीकडे, स्वीडनमधल्या स्मिगेहुकच्या अ‍ॅडर सापांत 1992 मध्ये बाहेरचे 20 नर सोडल्यावर वस्ती सावरली. मॅसासॉगात तसं करायचं असेल, तर वस्त्यांमधला दुरावा जुना की नवा हे आधी तपासायला हवं.