युगांडात इको सुरू करायला जाणाऱ्या डॉक्टरसाठी

कंपालाबाहेरच्या रुग्णालयात हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, सुरू करायची असेल तर मशीन उघडण्याआधी भिंतीतला प्लग बघा. युगांडात २४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आणि तीन चौकोनी पिनांचे सॉकेट. देणगीत आलेलं मशीन अमेरिकेतलं असेल तर मागची पट्टी वाचायची. तिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं नसेल तर ट्रान्सफॉर्मर लागणार. प्रिंटरची पट्टी वेगळी वाचा, कारण मशीनला चालतं ते त्याला चालेलच असं नाही. वीज जाते तेव्हापेक्षा परत येते तेव्हा किंवा जनरेटर सुरू होतो तेव्हाच्या झटक्याने पॉवर सप्लाय जास्त जळतात. त्यामुळे ऑनलाइन यूपीएसच हवा, म्हणजे मशीनला सतत स्थिर वीज देणारा बॅटरीचा संच. कोरड्या महिन्यांत पंख्याची जाळी धुळीने भरते आणि मशीन तापून मधेच बंद पडतं. जाळी दर आठवड्याला कोण साफ करणार, ते नावानिशी ठरवा.

सगळ्यात नाजूक भाग प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचं मशीनचं टोक. तो पडला की आतले स्फटिक जातात, आणि हृदयाच्या फेज्ड अ‍ॅरे प्रोबमध्ये अशा वेळी ठळक काळी रेघ दिसेलच असं नाही. चित्र नुसतं मंद होतं आणि खापर रुग्णाच्या जाडीवर फुटतं. म्हणून पहिल्याच दिवशी एका सडपातळ माणसाची चांगली चित्रं साठवून ठेवा. पुढे शंका आली की ताडून पाहता येतं. केबल चाकाखाली जाऊ नये म्हणून हुक लावा. स्पिरिटने पुसून पुसून प्रोबचं रबर तडकतं. निर्मात्याने परवानगी दिलेलं द्रावणच वापरा.

जेल संपलं म्हणून काम थांबायला नको. एक भाग कॉर्नस्टार्च आणि दहा भाग पाणी ढवळत उकळलं की चालण्याजोगं जेल होतं. ते टिकत नाही, त्यामुळे रोज ताजं करायचं, पूर्ण गार करून वापरायचं आणि प्रोबवर वाळू द्यायचं नाही. उघड्या जखमेवर मात्र कधीही नाही.

आता खरं काम. तिथे ऱ्हुमॅटिक हृदयविकार, म्हणजे घशाच्या संसर्गानंतरच्या तापाने झडपा खराब होणं, भरपूर दिसतो, शिवाय क्षयामुळे हृदयाभोवती साठलेलं पाणी, बाळंतपणाच्या सुमारास अशक्त झालेलं हृदय आणि एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस, म्हणजे हृदयाचं आतलं अस्तर जाड आणि कडक होणं. शेवटच्या आजाराचं सविस्तर वर्णन १९४८ साली युगांडातूनच झालं. शिकवताना चुका सर्वाधिक होतात त्या रंगीत डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या चित्रात. वेगाची मर्यादा सेकंदाला ३० सेंटिमीटरवर राहिली तर किरकोळ गळतीही भयंकर दिसते. ती ५० ते ६०च्या आसपास ठेवा, गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, आवरा. २०१२च्या जागतिक निकषांत मायट्रलची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, गळती विकृत ठरायला चारही गोष्टी लागत होत्या: दोन दृश्यांत दिसणं, एका दृश्यात तरी लांबी २ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ३ मीटर आणि आकुंचनाचा पूर्ण काळ टिकणं. मायट्रल अरुंद असेल तर सरासरी दाबफरकाशेजारी नाडीचे ठोके लिहिलेच पाहिजेत. गरोदर बाईची नाडी १२० असताना मोजलेला आकडा आणि ७० असताना मोजलेला आकडा यांची तुलना होत नाही.

पाहुण्या डॉक्टरने स्वतः रोज चाळीस इको करून निघून जाणं मला पटत नाही. दोन स्थानिक माणसं निवडा, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासणारे प्रशिक्षित कर्मचारी) किंवा नर्स, आणि प्रोब त्यांच्याच हातात राहू द्या.

इकोत ऱ्हुमॅटिक आजार दिसला तर तो वाढू नये म्हणून पेनिसिलिन देतात, त्यामुळे इको संपल्यावर पेनिसिलिनची नोंदवही उघडली गेली पाहिजे. उत्तर युगांडात ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा सुप्त, म्हणजे फक्त इकोत दिसणारा, ऱ्हुमॅटिक आजार वाढला. न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. पण झडप अतिशय अरुंद झाली असेल, महाधमनीची झडप खूप गळत असेल किंवा हृदयाचा पंप (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ५० टक्क्यांखाली असेल, तर हेच इंजेक्शन धोक्याचं ठरू शकतं. अशांना तोंडाने गोळ्या द्याव्यात, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सुचवलं. म्हणून अहवालाच्या छापील कागदावर सगळ्यात वर एक चौकट ठेवा: इंजेक्शन की गोळ्या. ती रिकामी असेल तर कागद खोलीबाहेर जाऊ देऊ नका.