बोलेरोचा डिझेल फिल्टर घरी बदलला: माझा अनुभव

सपाटीला गाडी छान पळायची, पण घाट लागला आणि माणसं भरलेली असली की पिकअप तुटायचा. वाईतून पसरणी घाट चढताना तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही आमची बोलेरो उचलत नव्हती. चढाला इंजिनाला डिझेल जास्त लागतं. फिल्टर चोंदला असेल तर तेवढं पोचत नाही, म्हणून हे दुखणं आधी घाटातच दिसतं. एअर फिल्टर स्वच्छ होता. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे मात्र सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये कुठेच सापडेना. मग तो घरीच बदलायचं ठरवलं.

दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं, जुन्या फिल्टरवरचा नंबर जुळवला आणि ओरिजिनल घेतला. इथे शे-दोनशे रुपये वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळतं अशा इंजिनात, ते हजार बारच्याही वरच्या दाबाने इंजेक्टरमध्ये (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागात) जातं. गाडीच्या टायरमधली हवा जेमतेम दोन-सव्वादोन बारची असते. एवढ्या दाबाखाली डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा इंजेक्टरची भोकं घासून काढतो. शिवाय हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं. त्यात पाणी शिरलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही गंजतात, आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी अंगणात मोकळ्यावर लावली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. नंतरचा बराच वेळ नुसत्या सफाईत गेला. फिल्टर, त्याचं डोकं (फिल्टर ज्यात आवळला जातो तो वरचा भाग), पाइपांची तोंडं, सगळ्यावर धुळीचा आणि तेलाचा थर होता. ब्रशने आणि डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने तो पूर्ण काढल्याशिवाय मी पान्याला हात लावला नाही. फिल्टरच्या पुढच्या बाजूला गेलेली घाण थेट पंपात जाते, मध्ये अडवायला काहीच नसतं.

मग बुडाच्या पाण्याच्या सेन्सरचं कनेक्टर सोडलं, खाली काचेची बरणी धरली आणि ड्रेन स्क्रू ढिला केला. बरणी थोडा वेळ कठड्यावर ठेवली. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाला बोटभर पाणी वेगळं झालं, वर पिवळसर डिझेल, आणि दोन्हींच्या मधल्या रेषेवर तपकिरी गाळ तरंगत होता. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते असं साठताना डोळ्यांनी बघितलं की टाकी भरलेली ठेवायचं कुणी सांगावं लागत नाही.

पट्ट्याच्या पान्याने जुना फिल्टर सुटला. त्याचं रबरी ओरिंग वर डोक्याला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. दोन ओरिंगं एकावर एक आली तर गळती ठरलेली. सेन्सर नव्या फिल्टरवर चढवला.

एवढ्यात शेजारचे तात्या आले. उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. म्हणाले, “फिल्टर डिझेलनं भरून बसव की, एअर कमी घेईल.”

“तात्या, ट्रॅक्टरला चाललं असेल, ह्याला नको. वरनं ओतलेलं डिझेल मधल्या भोकातनं न गाळताच पुढं जाईल.”

“बरं, मग हातपंप मार. कडक लागेस्तोवर मार, तोवर सेल्फला हात लावू नकोस.”

ते मी तंतोतंत पाळलं. ओरिंगला डिझेलचं बोट लावून फिल्टर हाताने टेकवला आणि त्यावर छापलं होतं तेवढाच पुढे आवळला. डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा सोडायचा एअरचा स्क्रू ढिला करून वरचा हातपंप दाबत राहिलो. आधी पंप पोकळ लागत होता, मग स्क्रूपाशी फेस आला, बुडबुडे आले, आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय डिझेलची सलग धार लागली. स्क्रू बंद केल्यावर पंप कडक झाला. एअर राहिली असती तर सेल्फ मारमारून बॅटरी उतरली असती. अशा वेळी काही जण इंजेक्टरचे पाइप ढिले करतात. जुन्या इंजिनांना ते चालायचं, कॉमन रेलला कधीही करू नये. त्या दाबाची धार कातडीत घुसते.

बॅटरी जोडली, चावी फिरवली, इंजिन जरा अडखळलं आणि मग एकसारखं चालू लागलं. कोरा पुठ्ठा फिल्टरखाली धरून ठेवला. त्यावर एकही थेंब नव्हता. जुना फिल्टर आणि बरणीतलं डिझेल गटारात न ओतता कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दिलं, ते जळक्या ऑइलबरोबर देऊन टाकतात. घाटात गाडी आता तिसऱ्या गिअरवर उचलते. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, आणि पावसाळ्यात मधूनमधून ड्रेन स्क्रू सोडून पाणी काढतो. त्याला फिल्टर उतरवावा लागत नाही.